मी प्रभुभोजन घेण्यास लायक आहे का?

आजचे वाचन : १ करिंथ ११:१७-३४
सोबत वाचा : लूक २२:१४-२३, मत्तय ५:२३-२४



गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या तरुणसंघातल्या एका बहिणीचा मेसेज आला. "दादा, उद्या प्रभुभोजन आहे. या महिन्यात माझं खूप काही चुकलंय. मी घेऊ की नको?"

मी उत्तर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं. शेवटी लिहिलं, "नक्की ये. उपासनेनंतर बोलू." इतकं छोटं उत्तर द्यायला मला वीस मिनिटं लागली, कारण ती हा प्रश्न कोणाला विचारतेय हे तिला माहीत नव्हतं. मी स्वतः सात महिने भाकरीचं ताट न घेता पुढे सरकवलं आहे.

झालं असं. माझे वडील दीड वर्ष आजारी होते. दादा नगरला राहतो, मी पुण्यात आयटीत. पैसे मी पाठवायचो, बाकी सगळं दादा आणि वहिनी करायचे. पप्पा गेल्यानंतर दोन महिन्यांनी घराचं काय करायचं हा विषय निघाला, तेव्हा मी दादाला एक एक्सेल शीट पाठवली. कोणी किती खर्च केला, तारखेसकट. मला वाटलं, हिशोब स्पष्ट असला की वाद होत नाहीत. पण त्या शीटमध्ये रात्री तीनला पप्पांना कूस बदलून देण्याचा कॉलम नव्हता. दादाने एकच उत्तर पाठवलं, "बरं." त्यानंतर त्याचा फोन यायचा बंद झाला.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्या महिन्यात ताट माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या मनात आलं, भावाशी बोलत नाहीस आणि हे घेतोस? मी ताट शेजारच्याकडे दिलं. पुढच्या महिन्यातही तेच. खरं सांगायचं तर, तिसऱ्या महिन्यापासून मला त्यात थोडं बरंही वाटायला लागलं. निदान मी ढोंग तरी करत नाही, असं मी स्वतःला सांगायचो.

तुमच्यापैकी किती जण असं ताट पुढे सरकवत असतील? कोणी एखाद्या सवयीमुळे, कोणी नात्यामुळे, कोणी मनातल्या शंकांमुळे. म्हणून आज हा अध्याय जरा सावकाश वाचू या.

करिंथात नेमकं काय चाललं होतं?

पौलाने हे पत्र इ. स. ५५ च्या आसपास इफिसहून लिहिलं. म्हणजे चार शुभवर्तमानं लिहून होण्याच्या आधी. प्रभूने शेवटच्या रात्री भाकर घेतली आणि प्याला दिला, याची आपल्या हातात असलेली सर्वांत जुनी लेखी नोंद याच अध्यायात आहे. आणि ती पौलाने एखादा धार्मिक विधी समजावायला लिहिलेली नाही. ती एका भांडणाच्या मध्यात आली आहे.

करिंथ हे बंदराचं, व्यापाराचं, पैशाचं शहर. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता, तंबू शिवून पोट भरत होता (प्रे. कृत्ये १८). मंडळीसाठी वेगळी इमारत नव्हती. ज्याचं घर मोठं त्याच्याकडे सगळे जमत. रोमी पद्धतीच्या घरात जेवणाची जी खास खोली असे, तिथे तीन बाजूंना बैठका आणि साधारण नऊ जण टेकून बसतील एवढीच जागा. बाकीचे बाहेर, अंगणात.

आता विचार करा, आत कोण बसत असेल आणि बाहेर कोण? त्या काळी रविवारची सुट्टी नव्हती. ती रोमी साम्राज्यात आली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या वेळी, इ. स. ३२१ मध्ये. घरमालकाचे मित्र वेळेवर येत आणि जेवायला सुरुवात करत. गुलाम आणि हमाल दिवसभराचं काम उरकून उशिरा येत. तोपर्यंत ताटं रिकामी झालेली असत. पौल २१ व्या वचनात अगदी उघड लिहितो की एक जण उपाशी राहतो आणि दुसऱ्याला दारू चढलेली असते. आणि त्याच्या आधीच्याच वचनात तो म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नाहीच.

भाकर तीच होती. प्रार्थनाही केली असेल. तरी पौल म्हणतो, नाही. कारण ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला, तो माणूस बाहेर अंगणात उपाशी उभा होता.

"अयोग्य प्रकारे" म्हणजे काय?

२७ व्या वचनाची आपल्याला सगळ्यांत जास्त भीती वाटते. जो अयोग्य प्रकारे खातो-पितो तो प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरतो, असा त्याचा आशय. लहानपणी हे वचन ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

पण शब्द नीट पाहा. "अयोग्य माणसाने" खाऊ नये असं तिथे नाही. "अयोग्य प्रकारे" खाऊ नये असं आहे. मूळ ग्रीकमध्येही तो शब्द क्रियाविशेषण आहे. माणूस कसा आहे यापेक्षा तो कसा जेवतोय, याबद्दल तो बोलतो. आणि करिंथात लोक कसे जेवत होते ते आपण आत्ताच पाहिलं.

मग २८ वं वचन. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून मला हे असं दिसतं : परीक्षा करा, मग खा. "परीक्षेत नापास झालात तर बाहेर बसा" असा 'एल्स' पौलाने लिहिलेला नाही. तो आपण आपल्या मनाने टाकला आहे. परीक्षेचा हेतू ताटापासून लांब नेणं हा नाही. डोळे उघडे ठेवून ताटापाशी आणणं हा आहे.

३० व्या वचनात पौल आजाराबद्दल आणि मृत्यूबद्दल बोलतो, ते मी लपवत नाही. पौल करिंथकरांना गंभीर इशारा देतोय. पण ते वचन उचलून कोणाच्या आजारपणावर चिकटवू नका. पुढे ३२ व्या वचनात तोच सांगतो की प्रभू शिक्षा करतो ती आपण जगाबरोबर दोषी ठरू नये म्हणून. बाप लेकराला वळण लावतो, तसं.

(बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाल्यावरच प्रभुभोजन, असे नियम वेगवेगळ्या मंडळ्यांत आहेत. तो वेगळा विषय आहे. त्याबद्दल आपापल्या पाळकांना विचारा. आज मी बोलतोय ते, ज्यांना घेण्याची मोकळीक आहे आणि तरी जे घेत नाहीत, त्यांच्याशी.)

भाकर : एक, आणि मोडलेली

आपल्या मराठी शास्त्रात "भाकर" हा शब्द आहे. कोणी पाव देतो, कोणी चपाती, कोणी पातळ वेफर. प्रभूच्या हातात त्या रात्री होती ती वल्हांडणाची बेखमीर भाकर, मिसर सोडताना घाईत भाजलेल्या भाकरीची आठवण (निर्गम १२). तरी "भाकर" शब्दामुळे आपल्याला एक गोष्ट पटकन कळते. भाकरी सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. मोडल्याशिवाय ती दुसऱ्याला देता येत नाही.

चारही क्रिया लक्षात ठेवा : येशूने घेतली, उपकारस्तुती केली, मोडली, दिली. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर जे होणार होतं, ते त्याने आदल्या रात्री जेवणाच्या वेळी शिष्यांच्या हातात ठेवलं. माझं शरीर तुमच्यासाठी आहे, हे त्याने नुसतं बोलून सांगितलं नाही. खायला दिलं.

आणि त्याच पत्रात एक अध्याय आधी, १०:१७ मध्ये, पौल म्हणतो की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. म्हणजे "शरीर" या शब्दात दोन गोष्टी आल्या. वधस्तंभावर दिलेलं शरीर, आणि बाकावर शेजारी बसलेली माणसं. ११:२९ मध्ये "शरीर न ओळखता" खाण्याबद्दल तो बोलतो तेव्हा मला आता दोन्ही ऐकू येतात. ख्रिस्ताने काय दिलं हे न ओळखणं, आणि ज्यांना दिलं त्या माणसांना न ओळखणं.

"दिदाखे" नावाचं मंडळीचं एक फार जुनं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेलं. त्यातल्या प्रभुभोजनाच्या प्रार्थनेत ही भाकर आधी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशीच मंडळी गोळा होवो, असं मागणं आहे. शेतातला प्रत्येक दाणा वेगळा. दळला, मळला, भाजला, तेव्हा एक भाकर झाली. दळणं कोणत्याच दाण्याला आवडलं नसणार.

एकत्र जेवणं म्हणजे काय, हे आपल्या मराठी माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. "रोटी व्यवहार" हा शब्दच आपल्याकडे आहे. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या नाही, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या जात पाळली गेली. आपल्या पुण्यातलीच गोष्ट. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी माणसं जमली होती, त्यांत न्या. रानडे आणि लोकमान्य टिळकही. तिथे चहा-बिस्किटं आली. नंतर हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि एवढा गदारोळ झाला की वर्षानुवर्षं वाद चालला आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. नुसत्या चहासाठी!

ज्या शहरात चहाच्या एका कपावरून असं होत होतं, तिथे वेगवेगळ्या जातींतून आलेले विश्वासणारे एका भाकरीतून खात होते आणि एका प्याल्यातून पीत होते, हे केवढं मोठं होतं याचा विचार करा. आणि आपल्या मंडळ्यांतून जात पूर्ण गेली का? लग्नाचा विषय निघाला की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. करिंथची खोली आणि अंगण आपण आजही बांधतो. भिंत फक्त दिसत नाही.

प्याला : करार

प्रभूने द्राक्षारसाचा प्याला घेतला आणि म्हटलं की हा त्याच्या रक्तात केलेला नवा करार आहे. "करार" शब्द ऐकला की आपल्याला ऑफर लेटर आणि नोटीस पीरियड आठवतो. तुम्ही हे कराल तर आम्ही ते देऊ. पण शास्त्रातला हा करार मागून येतो. सीनाय पर्वतापाशी मोशेने कराराचं रक्त लोकांवर शिंपडलं (निर्गम २४:८). लोकांनी पाळण्याचं वचन दिलं आणि थोड्याच दिवसांत सोन्याचं वासरू केलं. पुढे यिर्मयाच्या तोंडून देवाने नवा करार सांगितला, ज्यात तो त्यांच्या पापांची आठवण ठेवणार नाही (यिर्मया ३१:३१-३४). वरच्या माडीतल्या त्या रात्री येशू म्हणतो, तो करार हाच.

मत्तय २६:२८ मध्ये तर स्पष्ट आहे : हे रक्त पापांच्या क्षमेसाठी ओतलं जातं. म्हणजे माझं पाप मोठं आहे म्हणून मी क्षमेचा प्याला घेत नाही, हे आधी अंग स्वच्छ करतो आणि मग आंघोळीला जातो असं म्हणण्यासारखं झालं.

आमच्या मंडळीत द्राक्षारस म्हणजे मनुकांचा रस. एक आजी शनिवारी मनुका भिजत घालतात, उकळतात, गाळतात. काही मंडळ्यांत खरी वाईन असते, काहींत बाटलीतला ज्यूस. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट माणसाने द्राक्षांचा रस न आंबता टिकवण्याची पद्धत काढली, ती प्रभुभोजनासाठीच. भाकरीत आणि प्याल्यात ख्रिस्त नेमका कसा उपस्थित असतो, यावरही मतं वेगळी आहेत. कॅथलिक बंधुभगिनी मिस्सात जे मानतात ते आणि आमच्या मंडळीत जे शिकवतात ते सारखं नाही. १५२९ मध्ये मारबर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंगली बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचं जमलं आणि याच एका मुद्द्यावर अडलं. एकीचं भोजन, आणि त्यावरूनच फूट. मला ते वाचून हसू आलं नाही, कारण माझ्याही घरात तेच चाललं होतं.

त्या मेजावर कोण बसलं होतं?

लूक २२ वाचा. भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर लगेच येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. त्यानंतर लगेच शिष्यांमध्ये वाद, आपल्यात मोठा कोण. त्यानंतर पेत्राला सांगितलेलं की आज कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. पहिलं प्रभुभोजन घेणाऱ्यांची यादी ही अशी आहे. लायक माणसांसाठी ते ठेवलं असतं तर येशूला एकट्यालाच जेवावं लागलं असतं.

मग भावाचं काय?

इथे कोणी म्हणेल, म्हणजे काहीही करा आणि खुशाल घ्या? नाही. करिंथकर नेमकं तेच करत होते.

मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करा, मग येऊन अर्पण करा. लक्ष द्या, तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध असेल तर. आणि "अर्पण ठेव आणि घरी बस" असंही नाही. जा, आणि परत ये. दोन्ही.

मी सात महिने यातलं पहिलंही केलं नाही आणि दुसरंही नाही. ना नगरला गेलो, ना ताट घेतलं. ज्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होतो, तो दादाला फोन न करण्याचा सोपा मार्ग होता.

सातव्या महिन्यात उपासनेनंतर त्या मनुकांच्या आजींनी मला थांबवलं. त्या माझ्याच रांगेत बसतात. म्हणाल्या, "भावाचं मिटलं नाही ना अजून?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग त्याच्याकडे जा की. अन्नावर राग काढू नये, बाळा." एवढंच बोलून त्या छोटे प्याले धुवायला गेल्या.

पुढच्या शनिवारी मी पहाटेच्या एसटीने नगरला गेलो. फिल्मी काही झालं नाही. दादा दुकानात होता. वहिनीने आधी पाणी दिलं, मग चहा. मी म्हटलं, "दादा, ती शीट मी पाठवायला नको होती. तू जे केलंस त्याचा हिशोब होत नाही." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जेवून जा." घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काही गोष्टींवर आमचं अजून पटत नाही. पण त्या दुपारी वहिनीने ज्वारीची भाकरी केली, दादाने ती मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली, आणि मला मान वर करता येईना.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट आलं, तेव्हा मी घेतलं. मी लायक झालो होतो म्हणून नाही.

३३ व्या वचनात पौलाचा शेवटचा उपाय बघा किती साधा आहे : जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. त्या ग्रीक शब्दात स्वागत करणंही येतं. उशिरा येणाऱ्या हमालासाठी थांबा. त्याला आत घ्या. इ. स. १५५ च्या सुमारास हुतात्मा जस्टिन रोममधल्या उपासनेचं वर्णन करतो, त्यात भाकर आणि प्याला वाटून झाल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक वाटा पोहोचवत, आणि जमा झालेलं दान अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांना जात असे. करिंथात चुकलेलं रोममध्ये काही प्रमाणात तरी नीट झालं होतं.

त्या बहिणीला मी रविवारी हेच सांगितलं, थोडक्यात. तुझी परीक्षा कर, प्रभूला सगळं सांग, ज्याला दुखावलं असशील त्याला फोन कर, आणि ये. ताट पुढे सरकवू नकोस. ती विचारत होती, "आणि फोन उचलला नाही तर?" मी म्हटलं, "परत कर. पण तोपर्यंत उपाशी राहू नकोस."

आज स्वतःला विचारू या

१. मी प्रभुभोजन टाळत असेन, तर खरं कारण कोणतं? पाप कबूल करायची लाज, की एखाद्या माणसाकडे जायची भीती?
२. आमच्या मंडळीत "अंगणात" कोण उभं आहे? उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी मी रोज त्याच तीन जणांशी बोलतो का?
३. या आठवड्यात मी कोणाची वाट पाहू शकतो, कोणाला फोन करू शकतो?

प्रार्थना

प्रभू येशू, तू मला लायक पाहून बोलावलं नाहीस. तुझी मोडलेली भाकर आणि ओतलेला प्याला घ्यायला मी रिकाम्या हाताने येतो. ज्याच्याशी मी बोलत नाही, त्याच्यासाठीही तू तेच शरीर दिलंस हे मला विसरू देऊ नकोस. आज मला त्याच्याकडे जायचं धैर्य दे, आणि परत तुझ्या मेजाकडे घेऊन ये. आमेन.